धर्मश्रद्धा आणि समृद्धी: संबंध तपासायचा तर नेमका कसा?

रानजाई

अर्थशास्त्राच्या एमएच्या चार विद्यार्थ्यांचा गट आहे. प्रकल्पाचा विषय ठरलाय: धर्मश्रद्धा आणि आर्थिक समृद्धी. हाताशी तीन महिने आहेत. स्वतंत्र सर्वेक्षणाला पैसे नाहीत, त्यामुळे जो डेटा फुकट मिळतो त्यावरच काम करायचं आहे.

तीन ठिकाणी गाडी अडलीय. एक, जगाच्या पातळीवर गरीब देश जास्त धार्मिक आणि श्रीमंत देश कमी धार्मिक दिसतात. यावरून काही म्हणता येतं का? दोन, समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा प्रोटेस्टंट नीतीचा सिद्धांत (प्रोटेस्टंट पंथाच्या कष्ट-काटकसरीच्या शिकवणीतून भांडवलशाहीला बळ मिळालं) सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतो, पण आकड्यांच्या कसोटीवर तो आज कुठे उभा आहे? तीन, आपल्याकडे जैन समाज सधन आहे, बौद्ध समाजाची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा वर आहे. यात श्रद्धेचा वाटा किती, हे कोणत्या आकडेवारीवरून आणि कसं तपासायचं?

धर्म चांगला की वाईट हा वाद इथे नको आहे. पद्धत आणि त्यातले खड्डे हवे आहेत.

ताळेबंद

देशांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्याच. त्यातून निष्कर्ष निघणार नाही, पण तो का निघत नाही हे कळलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्नाचा लॉग घ्या (क्रयशक्तीनुसार, जागतिक बँकेच्या तक्त्यातून). उभ्या अक्षावर वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेतला ‘तुमच्या आयुष्यात देव किती महत्त्वाचा’ हा १ ते १० गुणांचा प्रश्न. रेषा उतरती येईल. आता एकेक देश झाकून बघा. अमेरिका रेषेच्या बरीच वर बसते, श्रीमंत असूनही धार्मिक. चीन, व्हिएतनाम, एस्टोनिया खाली येतात, पण त्यांच्या कमी धार्मिकतेमागे उत्पन्न नाही, कम्युनिस्ट राजवटीची कित्येक दशकं आहेत. आखाती देश तेलाच्या जोरावर उजवीकडे सरकलेले. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क हे आलेखात तीन ठिपके असले, तरी त्यांचा धर्म, कायदे आणि इतिहास इतका एकमेकांत गुंतलाय की त्यांना तीन स्वतंत्र पुरावे मानता येत नाहीत. ऐंशी देश घेतले तरी खरी स्वतंत्र निरीक्षणं त्याहून खूप कमी असतात. हे लक्षात न घेता साधी प्रमाणत्रुटी (अंदाज किती चुकू शकतो त्याचं माप) काढली की निकाल उगाचच ठाम दिसतो.

दुसरा खड्डा दिशेचा. उत्पन्न वाढल्यावर श्रद्धा ओसरते, की श्रद्धेची पकड सैल झाल्यावर उत्पन्न वाढतं? यावर एक चांगली युक्ती आहे: सर्वेक्षणातल्या माणसांना जन्मदशकानुसार वेगळं करायचं, त्यांची उत्तरं म्हणजे त्या पिढीच्या तरुणपणातल्या वातावरणाची खूण मानायची, आणि ती त्या त्या काळातल्या उत्पन्नाशेजारी ठेवायची. २०१८ मध्ये १०९ देशांवर असं काम झालं. विसाव्या शतकात श्रद्धेतली घट आधी आणि उत्पन्नवाढ नंतर, असा क्रम त्यात आला. मात्र व्यक्तीच्या हक्कांबद्दलची सहिष्णुता हिशेबात घेतली, तेव्हा भाकिताचा भार तिच्याकडे गेला. आधी घडलं ते कारण, असं समजून बसू नये ते यासाठी.

बॅरो आणि मॅक्लिअरी यांचा २००३ चा निकाल विद्यार्थ्यांना सापडेलच: स्वर्ग-नरकावरचा विश्वास वाढीला पोषक, पण चर्चला नेमाने जाणं मारक, कारण जाण्यात वेळ आणि पैसा खर्च होतो. वाचायला चमकदार आहे. नंतरच्या फेरतपासणीत सोबतची चलं बदलली तेव्हा तो तग धरू शकला नाही. प्रकल्पाचा पाया त्यावर घालू नका.

आता वेबर. लेख १९०४-०५ चे, आकडे जर्मनीतल्या बाडेन प्रांताचे, १८९५ सालचे. लोकसंख्येत प्रोटेस्टंट ३७ टक्के, कॅथलिक ६१.३, ज्यू १.५. करपात्र भांडवल दर हजार प्रोटेस्टंटांमागे ९,५४,००० मार्क, दर हजार कॅथलिकांमागे ५,८९,०००. आणि दर हजार ज्यूंमागे चाळीस लाखांच्या वर! म्हणजे ज्या तक्त्यावरून प्रोटेस्टंट नीतीचं महत्त्व सांगायचं, त्यातच तिच्याशी संबंध नसलेला समाज सगळ्यांच्या पुढे आहे. याच संदर्भात शाळाप्रवेशाचा तक्ता आहे. त्यातली ‘रेआलगिम्नाझियम’ या माध्यमिक शाळाप्रकाराची ओळ विद्यार्थ्यांना बेरजेला द्या: प्रोटेस्टंट ६९, कॅथलिक ३१, ज्यू ९. बेरीज १०९ टक्के येते. ६९ च्या जागी ५९ हवेत. हा आकडा अर्धशतक तसाच उद्धृत होत राहिला. शिवाय त्या शाळा प्रोटेस्टंट वस्तीच्या भागांत जास्त होत्या, त्यामुळे सबंध प्रांताच्या टक्केवारीशी तुलना करणंच चूक. जिथे शाळा आहे त्या जिल्ह्याची टक्केवारी घेतली की फरक बराचसा विरतो.

याचा अर्थ प्रोटेस्टंट पंथाचा परिणाम शून्य होता असा नाही. बेकर आणि व्होसमान यांनी २००९ मध्ये प्रशियाचे ४५२ जिल्हे घेतले, १८७१ च्या जनगणनेचे. ल्यूथरची चळवळ विटेनबर्गपासून भोवताली पसरत गेली, म्हणून विटेनबर्गपासूनचं अंतर हे त्यांनी इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरलं, म्हणजे पंथावर परिणाम करणारी पण समृद्धीशी थेट संबंध नसलेली गोष्ट. प्रोटेस्टंट जिल्हे खरंच पुढे निघाले. पण साक्षरता समीकरणात आणल्यावर ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं हा ल्यूथरचा आग्रह होता आणि शाळा काढा म्हणून त्याने १५२४ मध्ये नगरपालिकांना जाहीर पत्र लिहिलं होतं. वाचायला शिकवलं धर्मासाठी, कामाला आलं ते कारखान्यात.

उलट बाजूने कॅन्टोनीने १३०० ते १९०० या सहा शतकांत २७२ जर्मन शहरांची लोकसंख्या तपासली. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक शहरांच्या वाढीत फरक सापडला नाही. हे दोन निकाल एकमेकांना छेद देतात असं वाटेल, पण मोजमाप वेगळं आहे: एकात शहराचा आकार, दुसऱ्यात साक्षरता, कर आणि कारखानदारी. साक्षरतेला बाजारात दाम मिळू लागला तो एकोणिसाव्या शतकात. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत. ‘समृद्धी’ म्हणजे कोणता रकाना, हे आधी ठरवावं लागतं हा धडा तिथेच मिळतो.

उत्तरायण

ताळेबंद यांनी जे लिहिलंय त्याच्या पुढचा टप्पा असा: ‘श्रद्धा’ हा एकच रकाना न ठेवता श्रद्धेमुळे रोजच्या व्यवहारात नेमकं काय बदलतं ते धरायचं. कामाचे तास, पेरणीच्या दिवसांत होणारा खर्च, वारसावाटप, मुलीचं शिक्षण. मग त्यातली अशी गोष्ट शोधायची जी माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाही.

रमजानचा अभ्यास याचा नमुना आहे (काम्पान्ते आणि यानागिझावा-ड्रॉट, २०१५). इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी अंदाजे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर सारखाच, म्हणून रोजाचे तासही सारखे. उत्तरेकडे तसं नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसातला फरक ढाक्यात तीनएक तासांचा, इस्तंबूलमध्ये जवळपास सहा तासांचा. रमजान उन्हाळ्यात आला की इस्तंबूलच्या रोजाचा ताण ढाक्यापेक्षा कितीतरी वाढतो, आणि हे वाढणं खगोलावर ठरतं, सरकारवर किंवा लोकांच्या धार्मिकतेवर नाही. निकाल दुहेरी आला: रोजाचे तास वाढले की मुस्लिमबहुल देशांत त्या वर्षीची उत्पन्नवाढ घटते, आणि त्याच वेळी लोक स्वतःला अधिक समाधानी सांगतात. दुसरा भाग गाळून पहिलाच उद्धृत करणं हा या विषयातला अन्याय आहे. समृद्धीचा रकाना फक्त उत्पन्नाचा ठेवला तर श्रद्धेने दिलेलं दुसरं काही मोजलंच जात नाही.

विद्यार्थी लगेच म्हणतील की हीच पद्धत आपल्या सणांना लावू. लागणार नाही. आपलं पंचांग चांद्र-सौर आहे. साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो आणि सण पुन्हा ऋतूशी जुळतात. आषाढी एकादशी जून-जुलैतच राहते, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. सण ऋतू बदलत नाही, तर सणाचा परिणाम आणि ऋतूचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

ज्यांना सणांवरच काम करायचंय त्यांनी मेक्सिकोचा अभ्यास बघावा. तिथे प्रत्येक गावाचा एक संत, त्याच्या दिवशी मोठा उत्सव, आणि तो संत बहुतेक ठिकाणी स्पॅनिश राजवटीच्या सुरुवातीला नेमलेला. काही गावांत उत्सव मक्याच्या पेरणीच्या किंवा काढणीच्या तोंडावर येतो, काहींत मोकळ्या दिवसांत. तोंडावर येणारी गावं आज जास्त गरीब आहेत आणि जास्त शेतीवरच अवलंबून आहेत. बियाण्याच्या, मजुरीच्या पैशाला तेव्हाच वाट फुटते. पण तिथली धार्मिकता आणि आपसातला विश्वासही जास्त आहे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा: कुणाची चैत्रात, कुणाची मार्गशीर्षात, कुणाची माघात. जुन्या बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या जिल्हा गॅझेटियरांत जत्रांच्या नोंदी आहेत. पण गावानुसार पीकपद्धती जोडणं हे तीन महिन्यांत होणारं काम नाही, हे स्पष्ट सांगतो.

माणसांवर प्रत्यक्ष प्रयोगही झालाय. फिलिपिन्समध्ये अतिगरीब ६,२७६ कुटुंबं घेऊन, काहींना ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा चार महिन्यांचा कार्यक्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटून दिला. सहा महिन्यांनी धार्मिकता वाढली होती आणि उत्पन्न सुमारे ९ टक्क्यांनी वर होतं. पण घरखर्च वाढला नाही, समाधान वाढलं नाही, आणि ‘आपण इतरांच्या मानाने गरीब आहोत’ ही भावना वाढली. अडीच वर्षांनी उत्पन्नातला फरक उरला नाही.

रानजाई

फार उपयोगी. अधिक मासाचा मुद्दा तर प्रकल्पाच्या आराखड्यातच घालायला सांगते. तिसऱ्या प्रश्नाबद्दल कुणी लिहाल का? गटातल्या दोघांचा कल जैन समाजाकडे आहे.

वहीखातं

जैनांच्या बाबतीत धागा बऱ्यापैकी सरळ आहे. अहिंसाव्रत, त्यामुळे नांगर टाळणं, त्यामुळे व्यापार आणि सावकारी. परिग्रह-परिमाण व्रताने (मालमत्तेला स्वतःहून मर्यादा घालणं) उधळपट्टीला लगाम, म्हणजे बचत. चातुर्मास, प्रतिक्रमण यांची शिस्त आणि स्वाध्यायामुळे वाचनाची सवय. खुद्द वेबरनेही भारतातल्या धर्मांवर लिहिताना अहिंसेमुळे जैनांना शेती बंद झाली असं मांडलं होतं. आकडेही तसेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस-४) संपत्तीनुसार देशाचे पाच समान भाग केले, तेव्हा सर्वांत वरच्या भागात ७० टक्क्यांहून जास्त जैन होते. सर्वसाधारण प्रमाण अर्थातच २० टक्के. २००१ मध्ये जैनांची साक्षरता ९४ टक्के, देशाची ६५.

कृष्णाकाठ

आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्यावर उभी केलेली साखळी पहिल्याच कडीला तुटते. शिरोळ, हातकणंगले, मिरज, वाळवा, पुढे चिकोडी, अथणी या पट्ट्यात चतुर्थ जैन (दिगंबरांतली एक जात) पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत. स्वतः नांगर धरणारे, ऊस लावणारे, म्हशी पाळणारे. नांदणीचा मठ त्यांचाच. धर्म तोच, अहिंसाव्रत तेच, पर्युषण तेच, व्यवसाय शेती. अहिंसेने शेती बंद होत असती तर कृष्णा-पंचगंगेच्या काठी हा समाज राहिलाच नसता. वेबरच्या डोळ्यांपुढे गुजरात-मारवाडचा श्वेतांबर व्यापारी होता, दक्षिणेतला दिगंबर शेतकरी नव्हता.

दुसऱ्या बाजूने बघा. ओसवाल बहुतांशी जैन, माहेश्वरी वैष्णव. दोघे मारवाडचे, दोघांची हुंडी, पेढी, वहीखात्याची पद्धत एक, पोरगं पंधरा-सोळाव्या वर्षी नातलगाच्या दुकानात उमेदवारीला पाठवायची रीत एक. अगरवालांत तर जैन आणि वैष्णव दोन्ही आहेत आणि सोयरीकही होते. अहिंसाव्रत नसलेले माहेश्वरी व्यापारात कुठेही मागे नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना चार खणांचा तक्ता करू द्या. जैन-व्यापारी, जैन-शेतकरी, हिंदू-व्यापारी, हिंदू-शेतकरी. सगळ्या जैनांची सगळ्या हिंदूंशी तुलना केली की खरं तर शहरातल्या दुकानदाराची खेड्यातल्या मजुराशी तुलना होते. २०११ मध्ये जवळपास ८० टक्के जैन शहरांत राहत होते, देशात ३१ टक्के लोक. एनएफएचएसचा संपत्ती निर्देशांक घरातल्या वस्तूंवरून आणि सोयींवरून काढतात, त्यामुळे शहरी घराचा गुण तसाही वर सरकतो. धर्माचा म्हणून दिसणारा फरक त्यात किती आणि शहराचा किती, हे चार खणांशिवाय कळणार नाही.

डेटा पीएलएफएसचा घ्या, म्हणजे २०१७-१८ पासून चालू असलेलं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतो. त्यात कुटुंबाचा धर्म, सामाजिक गट, ग्रामीण-शहरी, शिक्षण, महिन्याचा घरखर्च आणि कामाचा एनआयसी-२००८ (राष्ट्रीय उद्योग वर्गीकरण) संकेतांक असतो. ०१ म्हणजे शेती-पशुपालन, ४५ ते ४७ म्हणजे व्यापार. हिंदूंच्या दोन खणांत फक्त ‘इतर’ (अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी सोडून) हा सामाजिक गट ठेवा, नाहीतर जातीचा फरक धर्माच्या खात्यात जमा होईल. समीकरणात दरडोई खर्चाचा लॉग एका बाजूला. दुसऱ्या बाजूला धर्म, व्यवसाय, दोहोंचा गुणाकार, कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, जिल्हा आणि ग्रामीण-शहरी. धर्माचा सहगुणक (त्या चलाचा परिणाम सांगणारा आकडा) आणि गुणाकाराचा सहगुणक, दोन्ही मिळून वाचायचे. श्रद्धा स्वतःहून काम करत असेल तर जैन शेतकरी शेजारच्या मराठा शेतकऱ्यापेक्षा वर दिसायला हवा, आणि जैन दुकानदार माहेश्वरी दुकानदारापेक्षा.

अडचणी आधीच सांगून ठेवतो. देशात जैन ०.३७ टक्के. २०२४ पर्यंतच्या फेऱ्यांत, वर्षाला लाखभर कुटुंबांच्या नमुन्यात ते काहीशेच भरतात आणि जैन-शेतकरी खण तर अगदी पातळ होतो. म्हणून चार-पाच वर्षांच्या फेऱ्या एकत्र करायच्या, प्रत्येक वर्षाला वेगळं चल द्यायचं, आणि शहरातली पुन्हा भेट दिलेली कुटुंबं एकदाच मोजायची. भारांक (नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या जागी धरायचं तो आकडा) न लावता सरासरी काढू नका. पारशांचा मोह टाळा: २०११ मध्ये देशभरात ५७,२६४. कुठल्याच सर्वेक्षणात निष्कर्ष काढण्याएवढे सापडणार नाहीत.

शिक्षणाचं चल एकदा घालून आणि एकदा काढून समीकरण चालवा. चतुर्थ शेतकऱ्यांची आघाडी शिक्षणाने पुसली जात असेल, तर त्यामागे संस्था आहेत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ ची, तिच्या चळवळीतून वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती सगळ्या जातींसाठी. श्रद्धेने वसतिगृह बांधलं आणि वसतिगृहाने उत्पन्न वाढवलं, असा तो प्रवास असू शकतो. प्रशियाच्या निकालाशी हे जुळतं का, हाच प्रकल्पाचा गाभा ठरावा.

संत्रानगरी

बौद्ध समाजाच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण त्यांत चुका फार सहज होतात.

२०११ मध्ये देशात बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के, एकूण ७३. धर्मांतराचा आर्थिक परिणाम म्हणून हा फरक सर्रास दाखवला जातो. पण देशातले ७७ टक्के बौद्ध महाराष्ट्रात आहेत आणि महाराष्ट्राची साक्षरताच ८२.३ आहे. म्हणजे त्या फरकात धम्माआधी महाराष्ट्र मोजला जातोय. तुलना राज्याच्या आत, जिल्ह्याच्या आत करा.

राज्याच्या आतही कुणाशी? रिवाजाने मातंग समाजाशी करतात, कारण तो बहुतांशी हिंदू राहिला. पण १९५६ च्या आधीच दोघांची स्थिती वेगळी होती. मुंबईच्या सैन्यात १८९० च्या दशकापर्यंत महारांची भरती होत होती, आणि सैनिकांच्या मुलांना छावणीतली शाळा मिळाली. नंतर रेल्वे, गोदी, खडकीचा दारूगोळा कारखाना, नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७). मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं त्यांना बंद होतं, तरी इतर खात्यांत रोख पगार होता. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पाठोपाठ मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेणारा समाज आधीच शिक्षणाच्या वाटेला लागलेला होता. त्यामुळे पायाभूत स्थितीसाठी १९३१ च्या जनगणनेतला निवडक जातींच्या साक्षरतेचा तक्ता घ्या. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांचे खंड वेगळे आहेत, दोन्ही लागतील. १९३१ चा फरक वजा केल्यावर जे उरेल त्यावरच बोलता येईल.

मग धर्मांतराने काही केलं नाही का? केलं, आणि फार मोठं केलं. पण ते बघायचं तर गावगाड्यात जावं लागतं. महार वतन म्हणजे थोडी जमीन, बलुत्याचं धान्य आणि त्या बदल्यात हक्काने राबवून घेतली जाणारी चोवीस तासांची वेठ: सांगावे पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं, सरकारी माणसांच्या दिमतीला राहणं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच आर्थिक साखळदंडाविरुद्ध. धर्मांतरानंतर ही कामं गावोगाव सोडली गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. बलुतं बुडालं, गावात बहिष्कार सोसावा लागला. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न घटलं असणार. ज्या माणसाला बोलावणं आल्यावर हातातलं काम टाकून धावावं लागत नाही, त्याची मजुरी आणि मुलाची शाळा हे दोन्ही नंतर सुटतात. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तिचा घरखर्चावरचा परिणाम तपासता येतो: घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात (पीएलएफएसमध्ये नव्हे) दारू-तंबाखूचा खर्च वेगळा असतो. श्रद्धेचा परिणाम मोजायचाच तर असा मोजा.

नोंदणीतला घोळही सांगायला हवा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तरी कागदपत्रांच्या सोयीसाठी अनेक घरं ‘हिंदू-महार’ लिहितात आणि घरात बुद्धवंदना असते. त्यामुळे ‘हिंदू अनुसूचित जाती’ या तुलनागटात बौद्धच मिसळलेले असतात आणि फरक प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

वाळकेश्वर

वारशाच्या कायद्याचा उल्लेख झालाय म्हणून मुंबईचंच एक प्रकरण जोडतो. मुस्लिम देश मागे पडण्याचं कारण म्हणून तिमुर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने श्रद्धेकडे नव्हे तर कायद्याकडे बोट दाखवलं: मृत्युपत्राने फार तर एक तृतीयांश मालमत्ता देता येते, बाकीची ठरलेल्या हिश्शांत वारसांत वाटली जाते, आणि एक भागीदार वारला की भागीदारी संपते. पेढी मोठी होण्याआधीच फुटते.

मुंबईत याची उलट बाजू दिसते. १८४७ मध्ये न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि कच्छी मेमन या व्यापारी मुस्लिम समाजांच्या दाव्यांत निकाल दिला की या समाजांचा वारसा त्यांच्या रूढीने, म्हणजे हिंदू रीतीने चालतो. श्रद्धा इस्लामची, पण भांडवल एकत्र कुटुंबासारखं अखंड. पुढे १९३७ च्या शरियत कायद्याने आणि १९३८ च्या कच्छी मेमन कायद्याने हे बदललं. श्रद्धा आणि कायदा यांचा परिणाम वेगळा काढायला याहून स्वच्छ प्रकरण आपल्या भागात नाही. पण एक रकाना विसरू नका. ती रूढी मुलींना वारसा नाकारणारी होती, आणि १८४७ चे दावे लढल्या त्या हक्क मागणाऱ्या मुलीच. पेढी अखंड राहिली ती त्यांच्या हिश्शावर. घराची समृद्धी मोजताना घरात कुणाची, हेही मोजा.

तुलनागटाबद्दलही एक इशारा. इजिप्तमधले कॉप्ट ख्रिस्ती मुसलमानांपेक्षा सधन का, याचं उत्तर ख्रिस्ती श्रद्धेत शोधलं जायचं. जिझिया हा डोईपट्टीचा कर गरिबाला जास्त जड जात असे, म्हणून गरीब कॉप्ट धर्म बदलत गेले आणि सधन तेवढे ख्रिस्ती राहिले. ज्या समाजातून गरीब बाहेर पडतात त्याची सरासरी कुणी श्रीमंत न होताही वाढते. कोणताही लहान सधन समाज तपासताना आधी बघा: आत कोण आलं, बाहेर कोण गेलं?

रानजाई

चार खणांचा तक्ता नक्की केलाय, भूगोल कोल्हापूर, सांगली, बेळगाव. पीएलएफएसमध्ये जैन-शेतकरी कमी पडले तर एनएफएचएस जोडता येईल का?

कृष्णाकाठ

पडताळ्यासाठी येईल, एकत्र करून नाही. एनएफएचएसमध्ये जिल्ह्यामागे साधारण नऊशे कुटुंबं असतात. या तिन्ही जिल्ह्यांत जैन तीन-चार टक्के धरले तर चौथी आणि पाचवी फेरी मिळून दोनेकशे कुटुंबं हाती लागतील. संपत्तीचा गुण प्रत्येक फेरीत नव्याने काढलेला असतो, म्हणून दोन फेऱ्यांचे गुण एकमेकांत मिसळू नका; पक्कं घर, ट्रॅक्टर, सिंचित जमीन अशा सुट्या रकान्यांवर तुलना करा. भारांकाचा रकाना दहा लाखांनी भागून घ्यायचा असतो.

आणि धर्माचे संकेतांक आधी छापून भिंतीला लावा. एनएफएचएसमध्ये ५ म्हणजे बौद्ध आणि ६ म्हणजे जैन. पीएलएफएसमध्ये ५ म्हणजे जैन आणि ६ म्हणजे बौद्ध. दोन्ही फाइलींवर एकच कोड चालवला तर शिरोळचे जैन शेतकरी एका तक्त्यात बौद्ध होतील, आणि संगणक कुठेही चूक दाखवणार नाही. पहिल्याच दिवशी जिल्हानिहाय मोजणी करून २०११ च्या जनगणनेशी ताडा: कोल्हापुरात जैनांचा आकडा एक टक्क्याखाली आला तर संकेतांक उलटे लागलेत की भारांक राहिलाय, ते बघूनच पुढे जा.